उपवास वाढलेत, वजन उतरलंय आणि सगळे कौतुक करताहेत

पत्र: माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, दहावीत शिकते. लहानपणापासून अंगानं भरलेली. मे महिन्यात भाच्याच्या लग्नात तिला घागरा बसेना, ऐन वेळी शिवण उसवावी लागली. तेव्हा मी सगळ्यांदेखत बोलून गेले, "आता तरी तोंडावर ताबा ठेव." जूनमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली, तिथे वर्गासमोर तिचं वजन मोठ्यानं वाचलं, 61 किलो. त्यानंतर तिनं मनावर घेतलं. आधी साखर सोडली, मग भात, मग तेलकट, मग रात्रीचं जेवणच. श्रावणी सोमवार धरले, पुढे गुरुवार आणि चतुर्थीही. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास केले. सासूबाईंना कोण कौतुक! आता वजन 52 आहे, उंची पाच फूट दोन इंच. येणारं-जाणारं प्रत्येक जण म्हणतं, किती छान झालीय. ह्यांचंही म्हणणं तेच, 'अभ्यास करते, बारीक झाली, तुला आणखी काय हवं?' पण दोन महिने पाळी आलेली नाही. केस गळताहेत. ऑक्टोबरच्या उकाड्यातही जॅकेट घालून बसते. रात्री अकरा वाजता गच्चीवर फेऱ्या मारते. परवा दप्तर साफ करायला घेतलं तर तळाशी वहीच्या कागदात गुंडाळलेल्या चपात्या सापडल्या, बुरशी आलेल्या. आणि स्वयंपाकाचं तर वेडच लागलंय. दिवाळीचा फराळ मीच करणार म्हणून यादी काढून बसलीय, पण स्वतः चाखतसुद्धा नाही. जाऊबाई म्हणतात पीसीओडी असेल. मला कळत नाही, आनंद मानू की काळजी करू? आणि उत्तर छापलंत तर ते तिला दाखवू का?
एक आई, मिरज

ताई,

काळजी करा. आणि हे उत्तर पुढे वाचायच्या आधी डॉक्टरांना फोन करून याच आठवड्यातली वेळ घ्या. दिवाळी झाल्यावर बघू, सहामाही संपू दे, असं करू नका.

वजन 52 आणि उंची पाच-दोन, हे आकडे कुणालाही दाखवलेत तर तो म्हणेल की झकास आहे, यात काय बिघडलं? सगळ्यांची फसगत इथेच होते, कधीकधी डॉक्टरांचीसुद्धा. वाढत्या वयातल्या मुलीचं वजन आज किती आहे, त्यापेक्षा ते कुठून कुठे आलं आणि किती दिवसांत आलं हे महत्त्वाचं असतं. तुमच्या लेकीच्या अंगावरचा जवळजवळ सातवा भाग पाच महिन्यांच्या आत उतरला आहे, तोही जे वय हाडं, रक्त आणि मेंदू घडवायचं त्या वयात. खाण्याचा आजार, म्हणजे वजनाच्या भीतीनं जेवण तोडत जाणं, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हाडांचा सापळा येतो. पण मूळचं वजन जास्त असलेली मुलगी सापळा न दिसताही तितकीच आजारी असू शकते. तिचंही हृदय मंदावतं, तिचीही पाळी थांबते. फरक एवढाच, की काटकुळ्या मुलीची काळजी सगळे करतात आणि हिचं कौतुक होतं. म्हणून हिचा आजार उशिरा पकडला जातो.

पाळी थांबणं, थंडी वाजणं, केस गळणं हे तीन वेगवेगळे त्रास नाहीत. शरीराला पुरेसं मिळेना झालं की ते खर्च कमी करायला लागतं. अंग गरम ठेवणं, केस वाढवणं, दर महिन्याची पाळी, हे सगळं मेंदू तात्पुरतं बंद करतो आणि उरलेली शिल्लक हृदयाकडे वळवतो. जाऊबाई म्हणतात तसं पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा त्रास आहे का, ते डॉक्टर बघतील. पण वजन भराभर उतरताना पाळी गेली असेल, तर पहिला संशय उपासमारीवरच घ्यायचा. आणखी एक सांगून ठेवते. कुणी 'पाळी यायची गोळी' लिहून दिली, तर आधी हे सगळं त्यांच्या कानावर घाला. गोळीनं रक्तस्राव होईल, घरचे निश्चिंत होतील, पण आतली गाडी सुरू झालेली नसेल आणि हाडांची झीज थांबलेली नसेल. हाडांची बहुतेक कमाई अठराव्या वर्षापर्यंत होते. या वयात पाळी दीर्घकाळ बंद राहिली तर ते नुकसान पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: जूनमधलं वजन, आजचं वजन, उंची, शेवटच्या पाळीची तारीख, काय काय सोडलं त्याची यादी, उपवासांचे वार, गच्चीवरच्या फेऱ्या आणि दप्तरातल्या चपात्या. तिच्यासमोर हे वाचून दाखवू नका, कागद डॉक्टरांच्या हातात द्या. झोपून आणि उभं राहून नाडी आणि रक्तदाब मोजायला सांगा. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि पोटॅशियम-फॉस्फरससारखे क्षार, शिवाय एक ईसीजी, एवढं ते स्वतःहूनच सांगतील, नाही तर तुम्ही विचारा. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले तरी 'काही नाही' असं समजून घरी येऊ नका, कारण या आजारात रक्ताचे रिपोर्ट पुष्कळ दिवस चांगले येत राहतात. तुम्ही मिरजेच्या आहात, गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे बालरोग आणि मानसोपचार या दोन्ही विभागांची चौकशी करा.

तोवर रोज सकाळी शांत बसलेली असताना तिच्या मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. जागेपणी पन्नासच्या खाली लागली, तिला चक्कर येऊन पडायला झालं, छातीत धडधडलं, वारंवार उलट्या होत असल्या, पाणीही नको म्हणू लागली किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलली, तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. आणि गेले काही दिवस ती जवळपास काहीच खात नसेल, तर आईच्या मायेनं एका दिवसात पोट भरायला जाऊ नका. रिकाम्या शरीरावर एकदम भरपूर अन्न पडलं की रक्तातले क्षार ढासळतात. किती आणि कसं वाढवायचं, ते अशा वेळी डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता त्या फराळाच्या यादीबद्दल. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच वाटली.

1944 च्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं एक प्रयोग सुरू केला. युद्धामुळे युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे शोधायचं होतं. छत्तीस तरुण स्वतःहून पुढे आले. शरीरानं आणि मनानं धडधाकट म्हणून निवडून घेतलेले. सहा महिने त्यांचा आहार जवळपास निम्मा केला. पोरं वाळली हे तर झालंच, पण त्यांच्या मनाचं काय झालं ते ऐका. ज्यांनी आयुष्यात स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं, ते पाककृतींची पुस्तकं जमवून रात्र रात्र वाचू लागले. एकेक जेवण तास-दोन तास लांबवू लागले, ताटातलं अन्न कालवत बसू लागले, जेवताना कुणी बोललेलं त्यांना खपेना. सारखी थंडी. चिडचिड. मित्र नकोसे, हसणं-खिदळणं बंद. त्यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, कुणी आरशात बघून रडलेलं नव्हतं. हे सगळं नुसत्या भुकेनं घडवलं.

तुमची लेक फराळाची यादी काढते ती हौसेपोटी नव्हे, ताई. तिचा मेंदू उपाशी आहे आणि तो दिवसभर अन्नाचाच विचार करतोय. खाण्याची मुभा तिनं स्वतःला दिलेली नाही, म्हणून ती दुसऱ्यांना खाऊ घालून ती भूक भागवतेय. तिला समजावून, रागावून, शपथा घालून, डोळ्यांतून पाणी काढून फरक पडत नाही तो याचसाठी. उपाशी मेंदूला तुमचा युक्तिवाद पोहोचतच नाही. आधी अन्न पोटात जाऊ द्या, समजूत नंतर पटेल. मनाचे डॉक्टर लागतील, नक्की लागतील, पण त्यांच्या बोलण्याचा उपयोगही अंगात थोडं बळ आल्यावरच होतो.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात या आजारावर एक पद्धत बसवली गेली, आणि आज मुला-मुलींसाठी सगळ्यात आधी तिचीच शिफारस होते. तिचं सार आपल्या घरांना समजायला सोपं आहे: काही काळासाठी मुलीच्या जेवणाचा निर्णय मुलीकडे ठेवायचा नाही. काय, किती, केव्हा, हे आई-वडील ठरवतात, ताट वाढतात आणि ते संपेपर्यंत शेजारी बसतात. ताप आलेल्या पोराला औषध घ्यायचं की नाही असं आपण विचारत नाही, तसंच हे. शिक्षा म्हणून करायचं नाही. आवाज चढवायचा नाही, पण मागेही हटायचं नाही. हे डॉक्टरांच्या आणि समुपदेशकाच्या देखरेखीखाली करायचं, कारण पहिले पंधरा दिवस अतिशय जड जातात. ती रडेल, ताट ढकलेल, 'तू माझी आई नाहीस' म्हणेल. तिच्या तोंडून तेव्हा तिची भीती बोलत असेल. तुम्ही एवढंच म्हणा, "मला माहितीय तुला अवघड जातंय. मी इथेच बसलेय. हा घास घे." पुन्हा पुन्हा तेच. किती खाल्लंस, बघ बरं किती छान खाल्लंस, अर्धी तरी खा, असल्या घासाघिशीत शिरू नका.

दिवाळीची सुट्टी तुमच्या पथ्यावर पडणार आहे. शाळा बंद, म्हणजे डबा नाही, दप्तर नाही, सगळी जेवणं घरात. सकाळी दूध आणि पोहे किंवा उपीट, दुपारी चपाती, भाजी, आमटी-भात, वर तूप, दही, शेंगदाण्याची चटणी, चारच्या सुमाराला काहीतरी, रात्री पुन्हा पूर्ण जेवण, झोपताना दूध. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात, आणि ठरल्या वेळेला. तिच्यासाठी वेगळं 'हेल्दी' काही शिजवू नका. घरात जे रांधलंय तेच तिच्या ताटात. जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास तिला एकटी सोडू नका, पत्ते मांडा, टीव्ही लावा, शेजारी बसून निवडण-टिपण करा. गच्चीच्या फेऱ्या डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या कोष्टकात 13 ते 15 वयाच्या मुलीची दिवसाची गरज 2400 किलोकॅलरी दिली आहे. माझ्यासारख्या वयाच्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या बाईपेक्षा ती बरीच जास्त आहे. हा आकडा तुमच्या माहितीसाठी. तिला सांगू नका, आणि वाट्या मोजत बसू नका. आपण मोठी माणसं वजन उतरवायला जेवढं खातो तेवढ्यावर वाढतं मूल जगवायचं नसतं, एवढंच त्यातून घ्या. मोठ्यांसाठी सांगितलेलं 'दोनच वेळा जेवा' तिच्या वयाला लागू नाही.

फराळ यंदा तिच्याकडे नको. तिला कढईपासून लांब ठेवा. घरातली चकली-करंजी चार वाजताच्या खाण्यात एखाद-दुसरी येईल, बाकीच्यांच्या बशीत येते तशीच, बोभाटा न करता. पहिल्या अंघोळीच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर ताट पुढे करून 'खा बघू' म्हणायचं नाही.

उपवासांचं मात्र तुम्ही बोलून होणार नाही, ते सासूबाईंनीच करायला हवं. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण मराठी घरात हा आजार उपवासाच्या आडोशाला फार सुखानं वाढतो. डाएट म्हटलं की कुणीतरी टोकेल, पण सोमवार म्हटला की कोण बोलणार? उलट पोरगी किती श्रद्धेची म्हणून नाव निघतं. सोमवार-गुरुवार झाले, चतुर्थी झाली, नवरात्र झालं, न जेवण्याला एकेक दिवस मिळत गेला. सासूबाईंचा यात दोष नाही, त्यांनी व्रत पाहिलं. पण आजाऱ्याला आणि लेकराला उपवास नसतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आणि मग त्यांनीच नातीला जवळ घेऊन सांगू दे, "तुझे सगळे वार आता माझ्याकडे. मी धरते. तू जेव." आजीनं सोडवलेला उपवास ती मोडलेला मानणार नाही. तुम्ही सोडवायला गेलात तर भांडण होईल.

तुमच्या यजमानांशीही आधी एकट्यात बोला. एक जण ताट घेऊन बसलाय आणि दुसरा म्हणतोय 'राहू दे, नको तर नको', असं झालं की मूल त्या फटीतून निसटतं. त्यांना पाळीबद्दल सांगायला लाजू नका. बापाला हे कळायला हवं.

आणि घरातलं बोलणं. वजनाबद्दल यापुढे एक अक्षर नाही, टीकेचं नाही आणि कौतुकाचंही नाही. 'आता चेहरा भरला, बरं दिसतंय' हेसुद्धा नाही, कारण ते ऐकून ती दुसऱ्या दिवशी घास कमी करील. भाऊबीजेला येणाऱ्यांना आधीच फोन करून सांगून ठेवा, हिच्या दिसण्यावर कुणी काही बोलायचं नाही. वाईट वाटलं कुणाला तर वाटू दे. काटा घरातून हलवा. वजन डॉक्टरांकडेच होईल, आणि आकडा तिला सांगायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही स्वतःही जेवणावर बसून 'मला नको बाई भात, पोट सुटलंय' म्हणत असाल, तर ते थांबवा. मुली आईच्या तोंडचं ऐकून आपल्या पोटाकडे बघायला शिकतात.

घागऱ्याच्या वेळचं तुमचं वाक्य तुम्हाला डाचतंय, ते पत्रातून दिसतं. त्या एका वाक्यानं हा आजार झाला नाही. तसली वाक्यं आपल्याकडे घराघरांत बोलली जातात आणि बहुतेक मुली रुसून, रडून पुढे जातात. जुळ्यांवर झालेल्या अभ्यासांतून दिसतं की या आजारात आनुवंशिक कलाचा वाटा मोठा आहे. शिवाय स्वभावाचाही. जे हातात घेईल ते तडीस नेणारी, अक्षर चुकलं तर पान फाडणारी मुलं यात जास्त अडकतात. तुमची लेक तशीच असणार असं मला वाटतं. पण वर्गासमोर वजन वाचणं, पाहुण्यांदेखत टोमणा, रोजची 'गोलू'सारखी हाक, यांनी काडी ओढली जाते हेही खरंच आहे. शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना शांतपणे भेटा आणि पुढच्या तपासणीत वजन पडद्याआड घ्या, वाचू नका, असं लेखी द्या. तुमच्या मुलीसाठी नाही तर त्या वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणांसाठी. तिथे मुलगेही बसलेले असतात. त्यांचं दुःख बहुधा उलट्या बाजूनं येतं, दंड भरत नाहीत म्हणून जिम, पावडरचे डबे, भात-चपाती बंद. घरचे त्याला व्यायामाची आवड समजतात.

फोनबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तो असणारच. 1995 मध्ये फिजी बेटांच्या नाड्रोगा भागात पहिल्यांदा टीव्ही पोहोचला. तिथे भरलेलं अंग हे धडधाकटपणाचं, घरात माया असल्याचं लक्षण मानत. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी तेव्हाच्या पाहणीत एकही नव्हती. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधक अ‍ॅन बेकर तीन वर्षांनी पुन्हा गेल्या, तेव्हा शाळकरी मुलींतल्या शंभरातल्या अकरा जणी ते करत होत्या. आणि तो संध्याकाळचा टीव्ही होता, उशाशी ठेवून झोपायचा फोन नव्हता. फोन हिसकावून घेऊ नका, त्यानं ती आणखी एकटी पडेल. जेवताना आणि रात्री झोपताना फोन बाहेरच्या खोलीत, सगळ्यांचा, यजमानांचाही. बाकीचं ती सावरल्यावर.

तुमचा एक प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण 'आनंद मानू का' यामागे तोच आहे, आणि हे वाचणाऱ्या बऱ्याच आयांच्या मनातही असेल: आधी ती जाडच होती ना, मग कमी व्हायला नको होतं का?

जूनमध्ये तुम्ही विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं की मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबानं वजनाचं माप, तिला लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 मध्ये आपल्या मुलांसाठी वयानुसार तक्ते काढलेत, त्यावर बघा. त्या तक्त्यावर ती 'जास्त वजन' या पट्ट्यात आली असती. तरीही मी डाएट सांगितलं नसतं. मुलींच्या अंगावर वयात येताना मेद चढतो, तो चढायचाच असतो, कंबर-मांड्या भरतात, कारण शरीर बाईचं होतंय. आणि ज्यांना खरंच थोडं सांभाळायला हवं, त्या मुलांना डाएट लावलं की काही वर्षांनी त्यांचं वजन डाएट न करणाऱ्यांपेक्षा जास्त निघतं, हे अमेरिकेत हजारो किशोरवयीनांच्या पाठपुराव्यातून दिसलं आहे. ताबा, मग सुटलेला ताबा, मग चोरून खाणं, मग अपराध, मग पुन्हा ताबा, असं ते चक्र फिरतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं लठ्ठपणा आणि खाण्याचे आजार या दोन्हींसाठी एकत्रच सल्ला काढला: मुलांना डाएट नको, घरात वजनाची चर्चा नको, थट्टा तर नाहीच, आणि जमेल तितक्या वेळा एकत्र बसून जेवा. म्हणजे जूनमध्येही मी हेच सांगितलं असतं. सगळ्यांनी मिळून रात्री आठला जेवायचं, शीतपेयं घरात आणायची नाहीत, क्लासला सायकलनं जायचं, झोप पुरेशी. मानेची कातडी काळवंडून जाडसर झालेली असली, तर मात्र साखरेची तपासणी करून घ्यायची, कारण ते इन्सुलिनच्या बिघाडाचं लक्षण असतं. यातलं काहीही करताना तिच्या अंगाबद्दल तिला काही सांगावं लागलं नसतं.

ती बरी होताना वजन वाढेल. कदाचित 52 च्या वर, कदाचित पुष्कळ वर, कारण तिचं शरीर मुळातच तेवढ्यावर नांदणारं असू शकतं. पाळी कितीवर परत येते ते शरीर ठरवील. त्या वेळी नातेवाईक हळहळतील, 'अरेरे, पुन्हा झाली की', आणि तुमच्याही पोटात कुठेतरी खळ्ळ होईल. त्या दिवशी तुम्ही ठाम राहायला हवं.

दहावीचं वर्ष आहे, म्हणून उपचार मार्चनंतर करू असं कुणी सुचवील. उपाशी मेंदू लक्ष धरू शकत नाही. आत्ता ती ज्या जोरावर अभ्यास करतेय तो जोर संपत चाललाय. परीक्षेला लागलेच तर डॉक्टरांचं पत्र देता येईल. सरावाला दोन पेपर कमी सोडवले तर काही अडत नाही.

रात्री-बेरात्री घाबरायला झालं, कुणाशी बोलावं कळेना, तर 14416 हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या मदतीचा क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. तुम्हीही फोन करू शकता, लेकीसाठीच हवा असं नाही.

आणि शेवटचं: नाही, हे उत्तर तिला दाखवू नका. यात किलो आहेत, कॅलरी आहेत, दप्तरातल्या चपात्या आहेत. ती आकडे तेवढे उचलेल, आणि आपली चोरी गावभर झाली असं वाटून दप्तराच्या जागी दुसरी जागा शोधेल. त्या चपात्यांबद्दल जाब विचारू नका. तिला कळलेलंच आहे की तुम्ही दप्तर साफ केलंत. ती वाट बघतेय तुम्ही केव्हा बोलाल याची. आज संध्याकाळी, जेवणाच्या वेळी नको, ती एकटी असेल तेव्हा शेजारी जाऊन बसा आणि वजनाचं नाव न काढता सांगा: "तुला थंडी वाजते, तुझी पाळी थांबलीय, तुझे केस गळताहेत. मला भीती वाटतेय. गुरुवारी आपण तिघी डॉक्टरांकडे जातोय, तू, मी आणि आजी. तुझं काही चुकलं म्हणून नाही." ती म्हणेल, मला काही झालेलं नाही. वाद घालू नका. 'बरं, डॉक्टरांना तसं सांगू' म्हणा, आणि गुरुवारी रिक्षा दाराशी बोलावून ठेवा.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.